आधीकर आणि कोणीच नाही

आमच्या रुग्णालयात नऊशे माणसं कामाला होती. त्यांतल्या आठशे नव्व्याण्णवांची ठाम समजूत होती की आपण एक दिवस आलो नाही तर इमारत खाली बसेल. उरलेला एक तळमजल्यावर मशीन रूममध्ये बसायचा. गोष्ट त्याची आहे.

त्याचं खरं आडनाव हजेरीपटालाच ठाऊक. आम्ही त्याला आधीकर म्हणायचो. कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं: "करू की. पण आधी..." प्रिंटर हलवायचा आहे? आधी वायर पुरते का बघू. कपाट आणायचं आहे? आधी दाराची रुंदी मोजू. या 'आधी'ला कोणीतरी 'कर' चिकटवला आणि अस्सल आडनाव तयार झालं. पुढे पुढे तर नवी माणसं त्याला विचारायची, "आधीकर म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" तो चेहरा न हलवता सांगायचा, "आधी दुसरीकडे राहत होतो."

लग्नाच्या वेळीही पठ्ठ्याने हेच केलं. मुलीला भेटायला गेला तो खिशात यादी घेऊन. आवडीनिवडी, झोपायची वेळ, पंखा किती नंबरवर लागतो, एकेक विचारून खूण करत होता. मुलीने सगळी उत्तरं दिली आणि मग हात पुढे करून म्हणाली, "बघू ती यादी." वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "यात तुमच्या आईचं माझ्याशी पटेल का, हा प्रश्नच दिसत नाही." आधीकरने तिथल्या तिथे पेन काढून तो प्रश्न लिहून घेतला. लग्न त्याच क्षणी ठरलं, असं वहिनी अजून सांगतात. उत्तर काय निघालं, ते मात्र दोघंही सांगत नाहीत.

मशीन रूम म्हणजे बारा बाय पंधराची थंडगार खोली. उन्हाळ्यातही आधीकर तिथे बाही नसलेला स्वेटर घालून बसायचा. एक हात तुटलेली खुर्ची, भिंतीला टांगलेली कागद अडकवायची पाटी, आणि रॅकमध्ये दिवसरात्र घोंघावणारी मशीनं. रुग्णालयातल्या प्रत्येक तपासणीचा अहवाल, प्रत्येक पेशंटचा केसपेपर त्या मशीनांच्या पोटात. मी वरच्या मजल्यावर आवक-जावक विभागात होतो. इमारतीतला प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जायचा. मी तो वाचायचो असं नाही. पण डोळे मिटून शिक्का मारता येत नाही.

तर एके दिवशी आमच्याकडे नवे प्रशासन अधिकारी आले. त्यांना आढावा घ्यायचा नाद होता. सकाळी जिन्याचा आढावा, दुपारी पंख्यांचा आढावा. आठवड्यात त्यांचं नाव आढावासाहेब पडलं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर नऊशे फॉर्म वाटले. चौथ्या रकान्यात प्रश्न होता: 'आपण पंधरा दिवस रजेवर गेल्यास कोणते काम थांबेल?'

काय एकेक उत्तरं आली म्हणून सांगू. दारावरच्या रखवालदाराने लिहिलं, 'रुग्णालयात चोर, कुत्री व नातेवाईक शिरतील.' लिफ्टवाल्याने लिहिलं, 'सर्वजण जिथल्या तिथे राहतील.' मी स्वतः दोन पुरवण्या जोडल्या होत्या. आणि आमच्या आधीकरने, या सत्यवचनी माणसाने, लिहिलं: 'काहीही थांबणार नाही. तशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली आहे.'

मी फॉर्म परत घेऊन त्याच्याकडे गेलो. "अरे, हे काय लिहिलंस? खोड."

"खरं आहे ते," तो म्हणाला. "माझ्यावाचून थांबलं तर मी काम नीट केलं नाही असा अर्थ होतो."

"ते तुझ्या डोक्यात. साहेब पहिलं वाक्य वाचतात आणि दुसऱ्यावर चहा ठेवतात."

तसंच झालं. प्रत्येक विभागातून एक जागा कमी करायची, असा वरून हुकूम होता. मशीन रूममध्ये जागाच एक. आढावासाहेबांनी शेरा मारला: 'सदर कर्मचारी अतिरिक्त. महिनाअखेर रेकॉर्ड गोदामात बदली.' रेकॉर्ड गोदाम म्हणजे मागच्या इमारतीचं तळघर. तिथे तीस वर्षांचे जुने केसपेपर, एक पिवळा दिवा आणि एक गोदामपाल. बदली झालेला माणूस तिथून परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. मशीनं आता बाहेरची कंपनी फोनवरून सांभाळणार होती.

"पण जाण्याआधी नवं मशीन तेवढं तयार करून जा," साहेब म्हणाले. 'आधी' हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वापरला, तोही अशा ठिकाणी.

जुनं मशीन म्हातारं झालं होतं. दिवसातून दोनदा त्याला धाप लागायची आणि रक्ततपासणीचे अहवाल दुपारपर्यंत अडकायचे. म्हणून नवं मशीन आलं होतं. त्यावर मोठा, नामांकित म्हणवणारा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्राम, बसवायला शुक्रवारी एक तज्ज्ञ येणार होता. बसवण्याचं काम एका दिवसाचं. पण त्याच्या आधीचं काम तीन आठवड्यांचं, आणि ते आधीकरचं.

हे युनिक्सचं मशीन. युनिक्स म्हणजे चित्रं नाहीत, नखरे नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. सांगाल ते मुकाट्याने करतं. घरात असं एखादं माणूस असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटतं. पण चुकून 'सगळं पुसून टाक' म्हणालात तर तेही मुकाट्याने करतं. आणि डेटाबेस म्हणजे या घरी येणारा जावई. त्याला आल्याआल्या वेगळी खोली लागते. मेमरीचा एवढा मोठा घास एका वेळी घेऊ द्या म्हणतो. एका वेळी इतक्या हजार फायली उघडीन म्हणतो, कोणी हटकायचं नाही. स्वतःचा गट लागतो, स्वतःच्या नावाचं खातं लागतं, मेमरी कमी पडली तर टेकायला डिस्कवर वेगळी जागा लागते. यातलं एकही कमी असलं तर जावई उंबऱ्यावरूनच परत फिरतो, आणि दोष सासुरवाडीचा.

आधीकरने सगळ्या मागण्या उतरवून त्रेसष्ट ओळींची यादी केली आणि पाटीला लावली. रोज तीन-चार ओळी पुऱ्या करायचा. करायचा, तपासायचा, मशीन बंद करून चालू करायचा, पुन्हा तपासायचा आणि मगच खूण. मी एकदा विचारलं, "गोदामात जायचंय तुला. एवढं कोणासाठी चाललंय?"

"मशीनला कुठे माहीत आहे माझी बदली झाली ते," तो म्हणाला.

बुधवारी त्रेसष्टही खुणा झाल्या होत्या. अडतिसावी ओळही केव्हाच झाली होती, आणि नेमकी तीच नडली.

कारण बुधवारी आढावासाहेबांना मशीनचा आढावा घ्यायची लहर आली. मशीन रूमच्या थंडीत ते हातावर हात चोळत उभे राहिले आणि म्हणाले, "या मशीनवर कोणाकोणाची खाती आहेत, त्याची छापील यादी द्या." आधीकरने दिली. मी तेव्हा एक पाकीट द्यायला तिथे गेलो होतो. पाकीट तसं उद्या दिलं तरी चाललं असतं.

साहेबांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. "हा रूट कोण?"

"मीच, साहेब. मशीनच्या मुख्य चालकाचं खातं ते."

"मग स्वतःच्या नावाने काय वाईट होतं? बरं, हा डीमन?"

"तो मागे राहून काम करतो. दिसत नाही."

"आपल्या स्टाफमध्ये आहे असा कोणी?"

"स्टाफमध्ये नाही, साहेब. मशीनमध्ये आहे."

साहेबांचं बोट खाली घसरत गेलं आणि थांबलं. "आणि हा नोबडी?"

"तो कोणीच नाही, साहेब."

"कोणीच नाही म्हणजे? नाव आहे, क्रमांक आहे. क्रमांक पासष्ट हजार पाचशे चौतीस? आपल्याकडे माणसं नऊशे आहेत, आधीकर."

"तो मशीनने दिलेला क्रमांक आहे."

"काम काय करतो हा?"

"काही नाही. त्याला कसलेच अधिकार नसतात. म्हणून तर तो लागतो. बाहेरचं एखादं काम मशीनमध्ये चालवायचं असलं की डेटाबेस ते याच्या नावावर चालवतो. काही बिघडलं तरी याच्या हातात काही नसल्यामुळे नुकसान होत नाही. आपल्या यादीत अडतिसावी ओळ आहे ती, नोबडी हजर पाहिजे."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खजिना सापडल्याचा आनंद होता. "म्हणजे काम नाही, अधिकार नाहीत, कोणी पाहिलेला नाही, पण नाव मात्र यादीवर. हा बोगस कर्मचारी आहे. काढा."

"साहेब, तो काढला तर..."

"लेखी आदेश देतो."

तासाभरात दोन कागद माझ्या टेबलावर आले. पहिला आदेश: 'नोबडी या नावाचे खाते तात्काळ रद्द करावे.' दुसरं परिपत्रक: 'यापुढे कोणाचेही नवे खाते उघडण्यापूर्वी विहित नमुन्यातील अर्ज तीन प्रतींत, छायाचित्रासह, प्रशासन अधिकाऱ्यांच्या सहीने सादर करावा.' मी दोन्हींवर शिक्के मारले. आयुष्यात इतक्या मनापासून मी क्वचितच शिक्का मारला असेल.

आधीकरने काय करावं? आधी आदेशाची एक प्रत करून घेतली. मग खातं काढलं. अडतिसाव्या ओळीवरची खूण खोडून समोर लिहिलं, 'आदेशानुसार नाही', आणि खाली तारीख.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सहज. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि हा समोर बसला होता.

"तुम्हीच विचारा यांना," वहिनी मला म्हणाल्या. "आल्यापासून तोंडात मिठाची गुळणी. कोण वारलं ऑफिसात?"

"कोणीच नाही," मी म्हणालो आणि अडतिसाव्या ओळीची सगळी हकिगत सांगितली.

आधीकरला हसू आलं नाही. "अगं, बावीस वर्षांत अपुरं मशीन कधी कोणाच्या हातात दिलं नाही मी. शेवटचंच देतोय ते असं."

"मग गुपचूप परत घाला की. त्या साहेबांना काय कळतंय?"

"आदेश आहे."

"मग आदेश पाळा."

"यादी आहे ना."

वहिनींनी घडी बाजूला ठेवली. "तुमच्या आईच्या आणि माझ्या मध्येही तुम्ही असेच बसायचात. दोन्हीकडे मान हलवत. चला, ती चादर धरा त्या टोकाला."

शुक्रवारी तज्ज्ञ आला. चाकांची बॅग, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि बूट असे की फरशीने लाजावं. आढावासाहेबांनी दोन विभागप्रमुखांना बघायला बोलावलं होतं. नियमावलीबाईही होत्या. या आस्थापना विभागाच्या. कोणता नियम कोणत्या पानावर, ते त्यांना झोपेत विचारा. मशीन रूममध्ये इतकी माणसं पहिल्यांदाच शिरली होती, त्यामुळे थंडीही थोडी कमी झाली.

आधीकरने तज्ज्ञाला पाटी दिली. त्याने ती न बघता बाजूला ठेवली. तज्ज्ञांची हीच ओळख असते. त्याने आपला प्रोग्राम सुरू केला. बसवण्याआधी हा प्रोग्राम स्वतःच घराची झडती घेतो. पडद्यावर एकेक ओळ येऊ लागली: मेमरी, ठीक. जागा, ठीक. गट, ठीक. तज्ज्ञाच्या भुवया वर गेल्या. "कोणी तयार केलंय हे? सहसा पहिल्याच पानावर वीस चुका निघतात."

साहेब पुढे झाले. "माझ्या देखरेखीखाली झालंय."

तेवढ्यात पडदा थांबला. लाल ओळ आली. तज्ज्ञाने वाचलं आणि मान वळवून म्हणाला, "साहेब, नोबडी मिसिंग आहे."

साहेबांनी समाधानाने सगळ्यांकडे पाहिलं. "कोणीही गैरहजर नाही. उत्तम. मग करा सुरू."

मी खोकलो. मला खोकला नव्हता.

तज्ज्ञाने पुन्हा समजावून सांगितलं. मग तिसऱ्यांदा, अजून हळू. मग साहेब म्हणाले, "यावर काही उपाय असेलच."

"आहे," तज्ज्ञ म्हणाला. "हे बटण आहे, दुर्लक्ष करून पुढे जा."

साहेबांचा चेहरा उजळला. आमचा अख्खा कारभार त्याच बटणावर चालायचा. पण तज्ज्ञ पुढे म्हणाला, "मात्र नंतर काही बिघडलं तर आमची कंपनी जबाबदार राहणार नाही. दुर्लक्ष तुमच्या सांगण्यावरून केलं, अशी सही लागेल तुमची."

साहेबांनी पेन खिशात आत ढकललं. "आणि नाही केलं तर?"

"तर मी परत जातो. पुढची तारीख दोन महिन्यांनी."

जुन्या मशीनला त्याच वेळी धाप लागली असावी, कारण वरून प्रयोगशाळेचा फोन आला की अहवाल पुन्हा अडकलेत. विभागप्रमुख एकमेकांकडे आणि मग साहेबांकडे बघू लागले.

"आधीकर," साहेब म्हणाले, "घाला त्याला परत. दोन मिनिटांचं काम असेल."

"अर्ध्या मिनिटाचं आहे, साहेब," आधीकर म्हणाला. "पण आधी अर्ज."

मला शपथेवर विचाराल तर त्यात खोडसाळपणा नव्हता. परिपत्रक होतं, म्हणून तो विचारत होता. त्याचा चेहरा यादी वाचतानाचा होता. नियमावलीबाईंनी मान डोलावली. "परिपत्रक क्रमांक सतरा. तीन प्रतींत."

मग तो अर्ज भरला गेला. पाटीवर कागद ठेवून, उभ्याउभ्या. नाव: नोबडी. वडिलांचं नाव: लागू नाही. छायाचित्राच्या चौकटीपाशी बाई अडल्या, मग त्यांनीच तोडगा काढला, 'चौकट कोरी ठेवा, तसाच दिसत असणार तो.' शेवटच्या रकान्यात साहेबांचा लाडका प्रश्न होता: 'हा कर्मचारी नसल्यास कोणते काम थांबेल?' आधीकरने पडद्याकडे पाहिलं, लाल ओळ तिथेच होती. त्याने खरं तेच लिहिलं: 'सर्व.'

साहेबांनी तीनही प्रतींवर सह्या केल्या. मी वर धावत जाऊन शिक्का आणला. या वयात, जिन्याने. अर्ध्या मिनिटात नोबडी परत आला आणि चार वाजता डेटाबेस बसला. जावई आत येऊन पाय पसरून बसला म्हणजे कसं वाटतं, तसं आधीकरला वाटलं असावं. त्याने अडतिसाव्या ओळीसमोर खूण केली, पाटी भिंतीला लावली, आणि गोदामात न्यायला आपला स्वेटर पिशवीत भरू लागला.

इथेच हे संपायचं. पण नोबडीचा अर्ज विहित नमुन्यात होता, आणि विहित नमुन्यातला अर्ज एकदा सुटला की तो देवालाही थांबवता येत नाही. एक प्रत माझ्याकडे, एक मशीन रूममध्ये, आणि तिसरी आस्थापना विभागात. तिथे सोमवारी हजेरीपटावर नवं नाव चढलं. मशीन रूम: कर्मचारी दोन.

नियमावलीबाई फाइल घेऊन साहेबांकडे गेल्या. मीही गेलो, टपाल होतं.

"साहेब, मशीन रूममधली एक जागा कमी करायची आहे. आता तिथे दोन आहेत. कोणाला काढायचं?"

"आधीकरला. आदेश निघालाय की."

"हो. पण त्याने चौथ्या रकान्यात जे लिहिलंय ते पूर्ण वाचलंत का? 'तशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली आहे.' ती व्यवस्था काय होती आणि आपल्या आदेशाने ती कशी मोडली, ते शुक्रवारी दोन विभागप्रमुखांनी पाहिलं. तो गोदामात गेला आणि मशीन अडलं, तर ते तोंड उघडतील."

"मग त्या नोबडीला काढा."

"त्याच्याशिवाय सर्व थांबेल, यावर तुमची सही आहे. तीनदा."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "काढायचं कशाला, साहेब? बदलीने भागतं. आणि आधीकरची बदली केली तर तो विरोधात अर्ज करील. त्याला उत्तर द्यावं लागेल. दुसरा अर्ज करणार नाही."

साहेबांनी विचार केला, म्हणजे पेन उघडलं. दुपारी आदेश माझ्याकडे आला: 'श्री. नोबडी, मशीन रूम, यांची बदली तात्काळ रेकॉर्ड गोदामात करण्यात येत आहे. श्री. आधीकर यांची बदली रद्द.' टोपणनावाने निघालेला रुग्णालयातला तो एकमेव आदेश. चूक माझ्या लक्षात आली होती. मी शिक्का मारला.

मी तो खाली घेऊन गेलो तेव्हा आधीकर दुसऱ्या कुणाला सांभाळायला सोपं जावं म्हणून मशीनवर चिठ्ठ्या लावत होता. त्याने आदेश दोनदा वाचला. पिशवीतून स्वेटर काढला, अंगात घातला आणि म्हणाला, "खातं मशीनवर राहिलं तर चालेल ना?"

"आदेशात माणसाची बदली आहे. खात्याची नाही."

"मग ठीक आहे." आणि त्याने एकेक चिठ्ठी काढून, सरळ करून, खणात ठेवली. उगाच टाकली नाही. पुढे लागतील.

गोदामपालाने नोबडीला रुजू करून घेतलं. उगाच पत्रव्यवहार कोण वाढवणार? तो त्याची हजेरी रोज लावतो. वर्षअखेर नोबडीला एकही रजा न घेतल्याबद्दल प्रशस्तिपत्र आलं. ते आधीकरने मशीन रूमच्या भिंतीवर लावलं. आढावासाहेब तोवर दुसऱ्या रुग्णालयात आढावा घ्यायला गेले होते.

प्रशस्तिपत्राच्या शेजारी ती पाटी अजून आहे. यादीत आता चौसष्ट ओळी आहेत. शेवटची नवी आहे, आधीकरच्या सुवाच्य अक्षरात, आणि वहिनींची शपथ आहे की ती त्यांनी सुचवली: 'साहेब नवे आहेत का, हे आधी पाहणे.'